लहान वायनरींचा उदयास्त



दिनांक २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटमध्ये आणि किराणा भांडारांत वाइन विकण्यास परवानगी द्यावी, असा तो निर्णय होता. ह्या निर्णयाला सर्वांत ठळक विरोध झाला तो ह्याच जिल्ह्यातून. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून बेमुदत उपोषणाचा इशारा दिला. आदल्या दिवशी झालेल्या ग्रामसभेच्या आग्रहावरून ते उपोषण स्थगित झाले, आणि पुढे तो निर्णयही अमलात आला नाही. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते, आता अहिल्यानगर आहे. वाद मात्र आहे तेथेच आहे.

त्या वादात सरकारपक्ष म्हणत होता की, वाइन द्राक्षांपासून होते, द्राक्षे शेतकरी पिकवतो, म्हणून वाइनची विक्री वाढणे हे शेतकऱ्याचे हित होय. विरोधक म्हणत होते की, दारू ती दारूच. तिच्या विक्रीला शेतकऱ्याचे नाव देणे हा शेतकऱ्याचा अपमान होय. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचा कैवार घेतला गेला. परंतु एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. वाइनच्या धंद्यात जे शेतकरी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हिमतीवर उतरले होते, ज्यांनी स्वतःच्या वायनरी उभारल्या होत्या, ते २०२२ मध्ये होते कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर २००१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षांपासून महाराष्ट्रातच तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी मिळाली. विक्रीकरात सवलत मिळाली. परवान्याची किचकट वाट सोपी करण्यात आली. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. त्यापूर्वी राज्यात वायनरी होत्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जुन्नर तालुक्यात नारायणगावला शामराव चौगुले यांची इंडेज कंपनी १९८० च्या दशकापासून फसफसती वाइन करीत होती. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुला सुरू केली होती. धोरणानंतरच्या सहा-सात वर्षांत ही संख्या पन्नासाच्या पुढे गेली. निफाड, दिंडोरी, पलूस, तासगाव ह्या भागांतील द्राक्षबागाईतदारांनी, कोठे दोन भावांनी, कोठे चार नातेवाइकांनी मिळून खासगी मर्यादित कंपन्या काढल्या, जमिनी तारण ठेवल्या, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि शीतकरणाची यंत्रे आणली.

ही गोष्ट लहानसहान नव्हती. ह्या देशातला शेतकरी कच्चा माल विकून मोकळा होतो आणि प्रक्रियेचा नफा दुसरा कोणी खातो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांच्या काळापासून चालत आले आहे. येथे तोच शेतकरी प्रक्रियेचा मालक होऊ पाहत होता. बाटलीमागे साधारण किलोभर द्राक्षे लागतात. त्या किलोभर द्राक्षांचा भाव आणि दुकानात त्या बाटलीला पडणारा भाव यांत केवढे अंतर आहे, हे निफाडच्या शेतकऱ्याला सांगण्यासाठी कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. समाजवादी विचारांच्या माणसाला वाइनविषयी काहीही वाटो, पण प्रक्रियेवर मालकी मिळवण्याच्या ह्या धडपडीकडे त्याला तुच्छतेने पाहता येणार नाही.

पुढे काय झाले, हे समजण्यासाठी वाइनची द्राक्षे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. कारण अनर्थाचे मूळ बरेचसे तेथेच आहे. बाजारात ढिगाने दिसतात ती थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही खाण्याची द्राक्षे. त्यांचा भाव मुंबईला पडला तर माल दिल्लीला जातो, दिल्लीला पडला तर बेदाणा करता येतो. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लां, झिन्फंडेल ह्या वाइनच्या जाती वेगळ्या. मणी बारीक, साल जाड, आत बिया. ती टोपलीत घालून बाजारात नेली तर कोणी हात लावणार नाही. त्यांचा चांगला बेदाणाही होत नाही. त्यांना गिऱ्हाईक एकच, वायनरी. वेल लावल्यापासून पहिले चांगले पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. वाइनला दर्जा हवा म्हणून एकरी उत्पादनही मुद्दाम कमी ठेवावे लागते. म्हणजे एप्रिलची खरड छाटणी झाली, ऑक्टोबरची फळछाटणी झाली, खते-औषधांचा खर्च झाला आणि फेब्रुवारीत वायनरीने ‘यंदा माल नको’ म्हटले, तर त्या शेतकऱ्याला जाण्यासाठी दुसरे दार नाही.

वायनरीच्या मालकाची स्थितीही फारशी निराळी नाही. वर्षभराची द्राक्षे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत गाळावी लागतात. त्याच दोन महिन्यांत द्राक्षांचे पैसे द्यावे लागतात, विजेचे बिल फुगते. वाइन तयार होते ती काही महिन्यांनी, तांबडी वाइन मुरायला त्याहून अधिक काळ घेते, आणि विकली जाते वर्ष-दोन वर्षांच्या अवधीत, थोडी थोडी. ह्या मधल्या काळाचा भांडवलपुरवठा कोण करणार? बँकेने टाक्यांसाठी कर्ज दिले, यंत्रांसाठी दिले. परंतु टाकीत मुरत पडलेल्या मालावर खेळते भांडवल देताना तिचा हात आखडला. बाहेर नाव नसलेल्या वाइनची किंमत काय धरायची, हे बँकेच्या अधिकाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि त्याचे फार चुकत होते असेही म्हणता येत नाही.

शेवटचा अडसर विक्रीचा. दारू कोणालाही करता येत नाही आणि कोणालाही विकता येत नाही. वाइन विकायची ती परवानाधारक घाऊक व्यापाऱ्यामार्फत, परवानाधारक दुकानांत, परमिट रूममध्ये आणि मोठ्या हॉटेलांत. दुकानदाराच्या फळीवर जागा मोजकी. ती मिळवायची तर पेट्यांवर पेट्या फुकट देण्याची ‘स्कीम’ हवी, उधारी हवी, गावोगाव फिरणारे विक्रेते हवेत. परराज्यांत जावे तर प्रत्येक राज्यात लेबलाची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी, आयात शुल्क वेगळे. जी कंपनी एका राज्यात लाखभर पेट्या विकते तिला ही फी जाणवत नाही. जी पाचशे पेट्या विकते तिचा नफा त्या फीमध्येच संपतो. शेजारच्या कर्नाटकाने स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी २००७ मध्ये स्वतःचे वाइन धोरण आणले. त्याच्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ते योग्यच. परंतु त्यामुळे निफाडच्या लहान उत्पादकाला बंगळूर अधिकच दूर झाले.

२००८ साली जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तारांकित हॉटेले ओस पडली. वाइनचा मोठा खप तेथेच होता. टाक्यांत गतवर्षीचा माल तसाच असताना नवी द्राक्षे दारात आली. वायनरींनी भाव पाडले, काहींनी द्राक्षे घेणे थांबवले. पुढच्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्यांनी शिराझ आणि कॅबर्नेच्या बागा उपटून पुन्हा थॉमसन लावले. अनेक वायनरींना कुलूप लागले. काही चालू राहिल्या त्या मोठ्या कंपनीसाठी वाइन गाळून देण्यापुरत्या. म्हणजे जो मालक व्हायला निघाला होता तो भाड्याच्या टाक्यांचा रखवालदार झाला. मोठे होते त्यांपैकीही सगळे वाचले असे नाही. नारायणगावच्या इंडेजने ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात कंपन्या घेतल्या होत्या. कर्जाच्या ओझ्याखाली ती कोसळली आणि अखेर तिच्यावर अवसायनाची पाळी आली. सुला टिकली, वाढली. २०२१ मध्ये तिने शेजारची यॉर्क ही वायनरी आपल्यात सामावून घेतली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिचे शेअर बाजारात आले. देशी वाइनच्या बाजारपेठेचा निम्म्याच्या आसपास हिस्सा ह्या एका कंपनीकडे गेला. अकलूजला २००७ मध्ये सुरू झालेली फ्रातेल्ली टिकली. तिच्यामागे इटलीतील भागीदार, दिल्लीचे भागीदार आणि मोहिते-पाटील घराण्याच्या जमिनी होत्या. ह्या कंपन्यांच्या कर्तबगारीला नावे ठेवण्याचे कारण नाही. सुलाने २००५ मध्येच आपल्या बागेत ग्राहकाला चाखण्याची जागा उघडली आणि नाशिकला मुंबईचा पर्यटक आणला, ही दूरदृष्टीच होती. पण ‘शेतकऱ्यासाठी वाइन’ ह्या घोषणेचा अर्थ २०२२ मध्ये जो उरला होता, तो असा होता.

आता कोणी म्हणेल, बाजारात लहान मोडतो आणि मोठा टिकतो, त्यात नवल काय? भांडवलशाहीचा हा नियमच आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या सत्यावर कार्यकर्त्याने विसंबू नये. इंग्लंडमधल्या बिअरच्या लहान भट्ट्यांचा इतिहास येथे उपयोगी पडतो, कारण तेथे हाच खेळ आधी आणि अधिक उघडपणे खेळला गेला.

इंग्लंडात तेव्हा बिअर विकली जाई ती मुख्यतः पबमध्ये, आणि पब होते भट्टीवाल्या कंपन्यांच्या मालकीचे. कंपनीच्या पबमध्ये कंपनीचीच बिअर. १९७० च्या सुमारास बास, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल ह्या सहा कंपन्यांच्या हाती बहुतेक बाजार आला होता. त्यांनी गावोगावच्या जुन्या भट्ट्या विकत घेऊन बंद केल्या आणि लोखंडी पिंपातून वायूच्या दाबाने येणारी एकाच चवीची बिअर देशभर पसरवली. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार तरुणांनी ग्राहकांची एक संघटना काढली. ती पुढे ‘कॅमरा’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. दर्जासाठी आणि पर्यायासाठी ग्राहकाने संघटित व्हावे, ही कल्पना महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीमुळे अपरिचित नाही. वॉटनी कंपनीने नॉर्थॅम्प्टनची भट्टी बंद केली तेव्हा तेथील प्रमुख बिल अर्कहार्ट यांनी १९७४ मध्ये लिचबरो गावी स्वतःची छोटी भट्टी घातली. निवृत्तीनंतर पीटर ऑस्टिन यांनी १९७८ मध्ये रिंगवुड येथे भट्टी सुरू केली, आणि नंतर इतर अनेकांना भट्ट्या उभारून दिल्या. बिअर चांगली होती, गिऱ्हाईक मागत होते. तरी पबचे दार बंद होते, कारण दाराची किल्ली मोठ्या कंपनीकडे होती.

सरकारने मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर १९८९ मध्ये कायदेशीर आदेश काढले. ज्या कंपनीचे दोन हजारांहून अधिक पब असतील तिने वरच्या पबांपैकी निम्मे मोकळे करावेत, असा त्यांचा आशय होता. परिणाम काय झाला? कंपन्यांनी पब मोकळे केले ते विकून. आणि ते घेतले पब चालवणाऱ्या नव्या महाकंपन्यांनी. त्यांनीही माल घेतला तो भरघोस सूट देणाऱ्या मोठ्या भट्टीवाल्यांकडून. मक्तेदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. लहान भट्ट्यांना खरा श्वास मिळाला तो २००२ मध्ये, लहान उत्पादकाला निम्मा कर लावण्याच्या निर्णयाने. तरीही दाराचा प्रश्न सुटला नाही. रिंगवुडची भट्टी २००७ मध्ये मार्स्टन्स ह्या मोठ्या कंपनीला १ कोटी ९२ लाख पौंडांना विकली गेली आणि २०२४ च्या आरंभी ती कायमची बंद झाली.

उलट उदाहरण पुण्याचे आहे. २००९ मध्ये तेथे डूलाली नावाची बिअरची लहान भट्टी एका हॉटेलच्या आवारात निघाली. तिच्यामागून पुण्यात, मुंबईत अनेक निघाल्या. त्या तग धरू शकल्या याचे कारण त्यांची बिअर भट्टीच्या शेजारीच, त्यांच्या स्वतःच्या टेबलावर विकली जाते; मधल्या व्यापाऱ्याची गाठ पडत नाही. ह्या भट्ट्या शहरी मध्यमवर्गाच्या करमणुकीसाठी आहेत, शेतकऱ्याशी त्यांचा संबंध नाही, हे खरे. पण ज्याच्या हातात विक्रीची जागा आहे तो लहान असूनही जगतो, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली आहे.

नगर जिल्ह्यातल्या श्रोत्याला हे सारे ओळखीचे वाटले पाहिजे. वाइनच्या द्राक्षांचे जे दुखणे आहे तेच उसाचे होते. तोडलेला ऊस वाळतो, लांब नेता येत नाही, त्याचे गिऱ्हाईक जवळचा कारखाना. भंडारदऱ्याच्या धरणाचे आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी आले तेव्हा ह्या भागात साखर काढली ती बेलापूर कंपनीने आणि खासगी साखर कारखान्यांनी, शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन. त्या खंडकऱ्यांना आपल्या जमिनीसाठी पुढे किती दशके झगडावे लागले, हे ह्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. स्वतः ऊस लावणाऱ्याने गूळ करावा आणि अडत्याच्या दारात उभे राहावे, एवढीच वाट होती. अशा स्थितीत विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करीत होते. प्रा. धनंजयराव गाडगीळ त्या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहता यांच्या अर्थखात्याचे पाठबळ मिळाले, मुंबई सरकारने भागभांडवलात वाटा उचलला, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला गाळप सुरू झाले.

त्या योजनेचे मर्म असे की, शेतकऱ्याला एकेकट्याने कारखानदार होण्याचा परवाना कोणी दिला नाही. त्याला सभासद केले. ऊस पिकवणारे शेकडो, कारखाना एक. हंगामाच्या पैशासाठी सहकारी बँक. गाळपाची निश्चिती, उचल किती आणि अंतिम भाव किती ह्याचा हिशेब सर्वसाधारण सभेसमोर. २००१ च्या धोरणात ह्यांतील काहीच नव्हते. तेथे करमाफी होती, भूखंड होते, परवाने होते. पन्नास शेतकऱ्यांनी पन्नास वायनरी काढल्या, पन्नास लेबले छापली आणि एकाच दुकानदाराच्या एकाच फळीसाठी एकमेकांशी झुंजले. सहकाराच्या महाराष्ट्रात ज्यांनी हे धोरण लिहिले, त्यांतील कित्येकांची राजकीय कारकीर्द साखर कारखान्यांतूनच घडलेली होती. तरी त्यांना सामाईक वायनरी सुचली नाही. कदाचित सुचूनही नको वाटली असेल. सहकारी संस्थेत सभासदाला मत द्यावे लागते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. साखरेच्या पोत्याला नाव लागत नाही. साखर कोठलीही असो, बाजारात खपते. वाइनची बाटली मात्र नावावरच विकली जाते. म्हणून उसाचा सहकार द्राक्षावर जसाच्या तसा बसवता येत नाही. हे खरे आहे. पण संगमनेरचा राजहंस, कोल्हापूरचे गोकुळ, वारणा ही दुधाची नावे सहकारानेच घरोघर नेली. आणि द्राक्षाचेच उदाहरण हवे असेल तर १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून ‘महाग्रेप्स’ ही निर्यात संस्था उभी राहिली. युरोपच्या बाजारात तिने एका शेतकऱ्याला कधीच न पेलणारी कामे केली: पूर्वशीतकरण, एकसारखी प्रतवारी, परकी खरेदीदारांशी करार. म्हणजे ज्या गावात खाण्याच्या द्राक्षासाठी सामाईक दार उघडले जात होते, त्याच गावात वाइनच्या द्राक्षासाठी प्रत्येकाने आपापली भिंत फोडावी, अशी व्यवस्था होती.

सहकाराची आरती ओवाळणे हा ह्या विवेचनाचा हेतू नाही. लोणीचा प्रयोग ज्या मूल्यांवर उभा राहिला ती मूल्ये ह्या राज्यातल्या सहकारात किती शिल्लक आहेत, हे प्रत्येक सभासद जाणतो. अध्यक्षपदे घराण्यांत फिरली. सर्वसाधारण सभा गोंधळात आणि घाईत उरकण्याची रीत पडली. कारखाने आजारी पाडले गेले आणि लिलावात खासगी हाती गेले. ऊस घालणारा सभासद पुन्हा कोणा मालकाच्या दारात उभा राहिला. तेव्हा वाइनच्या क्षेत्रात सहकार आला असता तर सारे सुरळीत झाले असते, असे म्हणण्याचा भाबडेपणा करू नये. परंतु सहकारात सभासदाची फसवणूक झाली तर त्याला निदान निवडणूक आहे, न्यायालय आहे, मोर्चा आहे. बंद पडलेल्या खासगी वायनरीला द्राक्षे घालणाऱ्याजवळ काय आहे?

आता दारूविषयी. समाजवादी चळवळीत ह्या प्रश्नावर कधीच एकवाक्यता नव्हती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागे गांधीजींची प्रेरणा होती आणि त्या कायद्याने हातभट्टी व लाचखोरी यांना कसे बळ दिले, हेही महाराष्ट्राने पाहिले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांतल्या स्त्रियांनी गावोगाव बाटली आडवी करण्यासाठी जे लढे दिले, त्यांच्यापुढे ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद पोकळ आहे. वाइन ही दारूच. राळेगणच्या विरोधामागे ज्या गावाने आपल्या वेशीतली दारू हद्दपार केली त्या गावाचा अनुभव होता, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. मात्र विरोधकांकडेही एक प्रश्न जातो. ह्याच जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क निघतो. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला तयार होणारी ब्रँडी देशभर जाते. देशी दारूचे अबकारी उत्पन्न शासनाच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. त्या प्रचंड उद्योगाबद्दल वर्षानुवर्षे मौन आणि किराणा दुकानातल्या वाइनच्या बाटलीवर मात्र रणकंदन, ह्याची सुसंगती लावणे कठीण आहे.

अबकारीचा इतिहास तर आणखी काही सांगतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या मोहाच्या भट्ट्यांवर टाच आणली आणि गाळप मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत व मक्तेदारांच्या हाती नेले. दारू कमी व्हावी हा त्यामागचा हेतू नव्हता. कर गोळा करणे सोयीचे व्हावे हा होता. हजार लहान भट्ट्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा दहा मोठ्या भट्ट्यांच्या दारावर शिपाई बसवणे सरकारला स्वस्त पडते. परके सरकार गेले, तरी अबकारी खात्याची ही सोय गेली नाही. दारूच्या धंद्यात लहान उत्पादक टिकत नाही, त्यात बाजाराइतकाच ह्या सोयीचाही वाटा आहे.

म्हणून वाइनचा प्रश्न पुन्हा पुढे येईल तेव्हा, आणि तो येणारच आहे, दुकानात बाटली ठेवावी की न ठेवावी एवढ्यावर चर्चा थांबू नये. विक्री वाढणार असेल तर ती कोणाच्या वाइनची? द्राक्षाचा भाव हंगामापूर्वी लेखी ठरणार आहे का? वायनरी बुडाली तर द्राक्षे घालणाऱ्याचे येणे बँकेच्या आधी की नंतर? लेबलाची फी लाख पेट्यांना आणि पाचशे पेट्यांना एकच का? ह्या प्रश्नांसाठी दारूचा समर्थक असावे लागत नाही. ज्याला दारूबंदी हवी आहे त्यालाही, बंदी येईपर्यंत, ते विचारता येतात.

समाजवाद्यांना हे प्रश्न नवेही नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये मारोसाँ नावाचे एक खेडे आहे. द्राक्षाचे भाव कोसळले होते, व्यापारी लहान शेतकऱ्याची वाइन मातीमोलाने उचलत होते. अशा वेळी १९०१ मध्ये तेथील द्राक्ष उत्पादकांनी ‘स्वतंत्र द्राक्षमळेवाले’ ह्या नावाने संस्था काढली आणि पुढे सामाईक तळघर बांधले. जाँ जोरेस १९०५ मध्ये ते पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी आपल्या ‘ल्युमानिते’ ह्या पत्रात त्याविषयी लिहिले. ह्या शेतकऱ्यांनी टाक्या बांधण्याआधी गिऱ्हाईक बांधले होते. पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी भांडारांशी त्यांचा करार होता. मारोसाँहून रेल्वेने निघालेली पिंपे मधल्या व्यापाऱ्याच्या कोठारात न थांबता थेट त्या भांडारांच्या दारात उतरत असत.